पांढऱ्याखालची गुलाबी झाक

३ मार्च २०१९, रविवार

आजपासून रोजनिशी. जे पाहिलं त्याची तारखेनिशी नोंद राहिली पाहिजे. उद्या कुणी म्हणायला नको की लिंडसे पॅस्को गप्प बसला.

पाच वर्षं वाट पाहिली. काल अखेर गेममध्ये मिल्न बेचा नकाशा आला आणि आपलं किटीहॉक हे लढाऊ विमान आलं. १९४२ चा ऑगस्ट, न्यू गिनीचं टोक, आपल्या ऑस्ट्रेलियन हवाई दलाची दोन स्क्वाड्रन्स. (गेम म्हणतो ते लिहायला सोपं म्हणून. तो गेम नाही, सिम्युलेटर आहे. बायकोला, ग्लेनिसला, हे सांगून सांगून तोंड दुखलं.) कॉकपिट उत्तम. इंजिनाचा आवाज बरा. मग कॅमेरा विमानाभोवती फिरवला आणि पंखावरचा, हवाई दलाच्या निशाणीचा गोल पाहिला.

पांढरा. सपाट, कोरा, दवाखान्याच्या चादरीसारखा पांढरा!

आपल्या विमानांवरच्या गोलात आधी मध्यभागी लाल ठिपका असे. जपान्यांच्या विमानांवरही लालच गोळा. लांबून गफलत व्हायला लागली तेव्हा त्या वर्षी लाल ठिपक्यावर पांढरा फासायचा हुकूम निघाला. म्हणजे खाली लाल, वर पांढरा. म्हणजे गुलाबी झाक येणारच. हे मला कुणी शिकवू नये. शायर कौन्सिलच्या, म्हणजे आमच्या नगरपालिकेच्या, रस्त्यांवरच्या पांढऱ्या पट्ट्या एकतीस वर्षं माझ्या देखरेखीखाली मारल्या गेल्या. आमच्या किंगरॉयची लाल माती पांढऱ्याखालून कशी वर येते हे मी गुडघे टेकून पाहिलेलं आहे.

संकल्प: कंपनीला सविस्तर लिहिणे. आठवड्याभराचं काम.

१० मार्च, रविवार

जॅकरँडा लॉज या वृद्धाश्रमात मर्व्हना भेटायला गेलो. मर्व्ह म्हणजे ग्लेनिसचे वडील. वय पंचाण्णव, एक डोळा गेलेला, दुसरा अर्धवट, डोकं मात्र शाबूत. युद्धात मिल्न बेलाच होते, किटीहॉकची देखभाल-दुरुस्ती करणारे फिटर. ग्लेनिस दर रविवारी आणि बुधवारी जाते. मला जमेल तसं.

त्यांना म्हटलं, तुमचं मिल्न बे आलंय माझ्या सिम्युलेटरमध्ये. म्हातारा खुर्चीत ताठ झाला. म्हणाले, धावपट्टी दिसते? वरून? म्हटलं, दिसते म्हणजे काय, नारळाची झाडंसुद्धा दिसतात. तर म्हणाले, लेका, मी वर्षभर तिथे होतो, पण ती जागा वरून कधी बघितलीच नाही. बोटीने नेलं, बोटीने आणलं. वर्ष काढलं ते विमानांच्या पोटाखाली. पोरं वर जायची, खाली यायची, आणि म्हणायची, मर्व्ह, वरून काय झकास दिसतं रे हे भिकार गाव. मला एकदा दाखव.

म्हटलं, दाखवणार. शब्द दिला.

परतताना गाडीत ग्लेनिसला समजावलं की आत्ता लगेच नाही. आधी पांढरा दुरुस्त होऊ दे. जो माणूस प्रत्यक्ष तिथे होता, त्याच्यापुढे खोटा पांढरा कसा ठेवू? हा आदराचा प्रश्न आहे. ग्लेनिस म्हणाली, लिंडसे, ते पंचाण्णव वर्षांचे आहेत. म्हटलं, तेच तर मी म्हणतोय.

१९ मार्च, मंगळवार

अहवाल गेला. परिशिष्टं धरून चौदा पानं. भाषा संयमी ठेवली. "अक्षम्य" हा शब्द फक्त दोनदा.

२१ मार्च, गुरुवार

कंपनीकडून उत्तर. राडेक नावाचा कुणी आहे, युरोपात बसतो, वागायला सभ्य. म्हणतो, आपल्या उत्साहाबद्दल आभार, पण गुलाबी झाकेचा पुरावा म्हणून एखादा फोटो पाठवाल का?

त्या काळचे फोटो कृष्णधवल आहेत. कृष्णधवल फोटोत गुलाबी दाखव म्हणतो! या माणसांच्या हाती इतिहास आहे.

हरकत नाही. माझ्याकडे फोटोहून वरचढ पुरावा आहे. जिवंत साक्षीदार.

२४ मार्च, रविवार

मर्व्हची साक्ष घेतली. रेकॉर्डर नेला होता, नवा, चांगला. ग्लेनिस खूश झाली. तिला वाटलं, मी डॅडच्या आठवणी जपून ठेवतोय. गैरसमज दूर केला नाही.

पहिलाच प्रश्न नेमका विचारला: लाल ठिपक्यावर पांढरा मारला तेव्हा खालचा लाल दिसत होता का? म्हणाले, हो, ब्रश माझ्याही हातात दिला होता कुणीतरी. मी सरसावून बसलो. पुढे म्हणाले, टिक पॅटनने दिला असेल. आणि गाडी घसरली. टिक पॅटन कोण, तर ज्याने एक कोंबडी पाळली होती आणि जी बॉम्ब पडले की त्याच्या हेल्मेटमध्ये शिरून बसायची. मग डब्यातले हेरिंग मासे. मग मलेरिया. मग ब्लू कॅसिडी, जो पंखाखाली झोपायचा आणि एकदा झोपला तो उठलाच नाही. मग गुडघ्यावरच्या शालीवर बोटाने नकाशा काढायला लागले: हा आमचा तंबू, ही मेस, हा ओढा, इथे बसून आम्ही परत येणारी विमानं मोजायचो. मी दोनदा गाडी रुळावर आणली. मर्व्ह, पांढरा. गुलाबी दिसत होता का?

म्हणाले, गड्या, चिखल होता. वरून पाऊस, खाली चिखल, आणि चिखलावर अंथरलेले पोलादी पत्रे. विमान उतरलं की पत्र्यांच्या भोकांतून चिखल असा उडायचा की पार पायलटच्या काचेपर्यंत. आम्ही खरवडून काढायचो. रंग कुणी बघितला?

निघताना विचारलं त्यांनी, आमची पोरं आहेत का रे त्यात? म्हटलं, सगळी आहेत, दोन्ही स्क्वाड्रन्स. समाधान पावले.

रेकॉर्डिंग पन्नास मिनिटं. कामाचं काही नाही. चिखलाचा मुद्दा अहवालात घेणार नाही, त्याने मूळ विषयाला फाटे फुटतात.

२९ मार्च, शुक्रवार

उद्या विमानमेळा आहे, खरंखुरं किटीहॉक येणार आहे, इंजिन सुरू करून दाखवणार आहेत. रेकॉर्डरमध्ये जागा नव्हती. मर्व्हची फाइल पुसली. नाहीतरी सगळं अवांतरच होतं. हवं तर पुन्हा विचारता येईल, म्हातारा काही कुठे पळून जात नाही.

३० मार्च, शनिवार

किटीहॉकचं ॲलिसन इंजिन! पन्नास मिनिटं, गार इंजिनापासून पूर्ण गरम होईपर्यंत. अंगावर काटा आला. फुल्ल रेकॉर्डिंग. आजचा दिवस सार्थकी लागला.

६ एप्रिल, शनिवार

प्रयोग. शेडच्या दाराला आतून लाल गोल काढला, वाळवला, वर पांढरा मारला. एका हातात स्पष्ट गुलाबी! दोन हातांत मात्र झाक जाते. यावरून सिद्ध होतं की १९४२ मध्ये एकच हात मारला होता. युद्धात दुसरा हात मारायला वेळ कुणाला असतो?

फोटोसकट सिम्युलेटरवाल्यांच्या ऑनलाइन फोरमवर टाकलं. पहिली प्रतिक्रिया नेहमीप्रमाणे वॉम्बॅट७६ ची. हा इसम होबार्टचा दंतवैद्य असावा असा माझा कयास आहे, बोलण्यातून तशी बोच येते. विचारतो, रंग कुठला वापरलात, हार्डवेअरच्या दुकानातला बाथरूमचा? आणि दार लाकडी आहे ना, विमानं लाकडी होती का?

मी त्याला अत्यंत सभ्य भाषेत उत्तर दिलं.

७ एप्रिल, रविवार

फोरमवरून तीन दिवसांसाठी निलंबित. ठीक आहे. सत्य बोलणाऱ्यांची तोंडं नेहमीच बांधली जातात.

आज मर्व्हकडे जायचं होतं. शेडमध्ये दुसरं दार रंगवायला घेतलं होतं, वेळ झाला नाही.

२५ एप्रिल, गुरुवार. अँझॅक डे

युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ पहाटे सभा असते, तिला मर्व्हना घेऊन गेलो. कडाक्याची थंडी. चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल, ब्लेझरवर मेडलं. बिगुल वाजला तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. नंतर रम घातलेली कॉफी प्यायले आणि मला म्हणाले, दुरुस्त झालं का तुझं विमान?

म्हटलं, होतच आलंय. कंपनीशी बोलणी चालू आहेत.

मग कळलं की त्यांनी लॉजमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलंय: जावई मला वर नेणार आहे. बायकामाणसं, नर्सेस, आचारी, सगळ्यांना ठाऊक. आयलीन म्हणून एक बाई आहेत तिथल्या. म्हणाल्या, मागच्या सीटवर मला बसवता का हो? त्यांना सांगितलं की किटीहॉक एकाच सीटचं असतं, आणि गोलाचा मुद्दाही थोडक्यात समजावला. हे आजवर मला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणाल्या. लोकांना इतिहासाची भूक असते. कुणी नीट वाढलं पाहिजे.

गाडीत ग्लेनिसने मफलर तोंडावरून ओढून घेतला. थंडीने घसा बसला असावा.

११ मे, शनिवार

ग्लेनिसचं म्हणणं, रंगाचं सोडून दे. डॅडना मोतीबिंदू आहे, पांढरं काय आणि गुलाबी काय, त्यांना काही दिसणार नाही. समुद्र, झाडं, पट्टी, एवढं दिसलं तरी पुष्कळ. अर्ध्या तासाचं काम आहे, लिंडसे.

म्हटलं, अचूकपणा बघणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून नसतो.

त्यावर ती जे म्हणाली ते खरं म्हणजे लिहिण्यासारखं नाही. लिहितो, कारण ते चूक होतं हे पुढे दिसेलच. म्हणाली, तुला डॅडना काही दाखवायचंच नाहीये. तुला नुसतं बरोबर ठरायचंय.

बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर हे ऐकायचं. शेडमध्ये जाऊन बसलो. तिथे हीटर नाही.

३० मे, गुरुवार

कंपनीला निर्वाणीचा इशारा. पंधरा जूनपर्यंत गोल दुरुस्त झाला नाही तर मी सिम्युलेटर मशीनमधून काढून टाकीन आणि इतरांनाही तसं करायचं आवाहन करीन.

राडेकचं उत्तर: हे ऐकून वाईट वाटलं. एवढंच. त्याच्या गोटात खळबळ उडालेली दिसते.

फोरमवर माझ्या बाजूने दोघे. त्यातला एक मीच, दुसऱ्या नावाने. पण मत प्रामाणिक आहे.

१५ जून, शनिवार

काढून टाकलं.

"खरंच काढून टाकायचं?" असं मशीनने विचारलं तेव्हा क्षणभर हात थांबला. पण माणसाला कणा असतो की नाही? दाबलं. फोरमवर निवेदन दिलं, सहाशे शब्द. त्यात मर्व्हचाही उल्लेख केला: "हे मी त्या पिढीसाठी करतो आहे." वॉम्बॅटने खाली फक्त लाह्या खाणाऱ्या माणसाचं चित्र टाकलं.

ग्लेनिसला सांगितलं नाही. ती हल्ली सारखी फोनवर असते, लॉजशी, टॅक्सीवाल्यांशी. काय चाललंय कोण जाणे.

२३ जून, रविवार

आज जे झालं त्यात माझी चूक काय, हे शांतपणे तपासून पाहिलं. चूक इंटरनेट कंपनीची आहे.

जेवण आटोपून बसलो होतो. दारात चाकाच्या खुर्चीची टॅक्सी. आत मर्व्ह. ब्लेझर, टाय, मेडलं. केस पाण्याने चापून बसवलेले. बरोबर ग्लेनिस. महिनाभर लॉजच्या मागे लागून तिने परवानगी काढली होती. मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू फाटे फोडले असतेस, म्हणाली. नवरा-बायकोत संवाद नसला की असं होतं.

शेडच्या दारातून खुर्ची आत येताना दारावरचा गोल त्यांना दिसला असेल नसेल. मर्व्हना पडद्यासमोर बसवलं. जॉयस्टिक हातात घेतली त्यांनी. अंगठ्याने चाचपून पाहिली. म्हणाले, अशीच असायची, कॉकपिट आतून मीच पुसायचो.

मग मला सांगावं लागलं.

ग्लेनिस म्हणाली, काढून टाकलं म्हणजे? म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न होता. परत घाल, म्हणाली. घातलं. नव्वद जीबी उतरवायला लावलं. आमच्याकडचं इंटरनेट म्हणजे पाणी भरायला चमचा. पडद्यावर हिरवी पट्टी आली. एक टक्का. मर्व्हनी विचारलं, ही पट्टी म्हणजे आमची धावपट्टी का? म्हटलं, नाही, ही दुसरी. थांबा जरा.

थांबले. ग्लेनिसने लॅमिंग्टन केक केले होते. एक खाल्ला, खोबऱ्याचा कीस मेडलांवर सांडला, तिने तो टिपला. मी दरम्यान त्यांना गोलाची बाजू समजावून सांगितली. मान हलवत होते. मध्येच म्हणाले, तिकडेही असंच थांबायचो आम्ही. बारा गेलेली असायची, दहा आलेली असायची, आणि मग नुसतं बघत बसायचं, कोण कोण राहिलं म्हणून. मग झोप लागली त्यांना. हात जॉयस्टिकवरच.

चार वाजता टॅक्सी आली तेव्हा पट्टी चार टक्क्यांवर होती. जागे झाले, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या मनगटावर थोपटून म्हणाले, जाऊ दे लेका, इतकं लावून घेऊ नको. पुढच्या वेळी.

ग्लेनिस त्यांच्याबरोबर टॅक्सीतून गेली. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

इंटरनेट कंपनीला कडक पत्र लिहिलं.

२६ जून, बुधवार

एकतीस टक्क्यांवर अडकलं. पुन्हा पहिल्यापासून.

५ जुलै, शुक्रवार

विजय! राडेकची घोषणा: ऑगस्टच्या अपडेटमध्ये ऑस्ट्रेलियन विमानांवरचे गोल "नव्या माहितीच्या आधारे" सुधारणार. नव्या माहितीच्या आधारे! चौदा पानं वाया गेली नाहीत. शेवटी टिकून राहणाऱ्याचंच ऐकतात.

आता सगळं किती छान जुळून येतंय. मिल्न बेची लढाई सुरू झाली पंचवीस ऑगस्टला. यंदा त्या दिवशी रविवारच आहे. त्या दिवशी मर्व्हना आणायचं. खरा गोल, खरी तारीख. मी आधी ग्लेनिसचं ऐकलं असतं तर खोट्यावर भागवावं लागलं असतं. आयलीनबाईंनाही बोलवू.

ग्लेनिसला सांगायला आत गेलो. बॅग भरत होती. डॅडना न्यूमोनिया झालाय, हॉस्पिटलमध्ये नेलंय, म्हणाली. त्या रविवारी थंडी बाधली असावी. म्हटलं, बघ, म्हणूनच ऑगस्ट बरा.

१३ जुलै, शनिवार

मर्व्ह गुरुवारी गेले.

१४ जुलै, रविवार

लोक फोन करतात. सगळ्यांना सांगतो, पंचाण्णव म्हणजे भरपूर झालं. तेही तसंच म्हणतात.

ग्लेनिसने ते रेकॉर्डिंग मागितलं. अंत्यविधीला त्यांचा आवाज लावायचाय. सगळ्यांनी ऐकावं म्हणते, ती कोंबडी, तो टिक पॅटन. ती फाइल कुठे आहे, शोधतो म्हटलं.

पुसलेल्या फाइली परत मिळवून देणारा एक प्रोग्राम असतो म्हणे. सगळं व्यवस्थित होईल.

१६ जुलै, मंगळवार

नाही मिळाली. वर दुसरं रेकॉर्ड केलं असेल तर मिळत नाही. हे त्यांनी डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला पाहिजे.

ग्लेनिसला म्हटलं, फाइल खराब झाली. होतं असं, डिजिटल वस्तूंचा काही भरवसा नसतो.

१७ जुलै, बुधवार

अंत्यविधी झाला. आर्मीतून कुणी आलं होतं, हवाई दलातूनही एक पोरगेला अधिकारी. बोलायला मलाही उभं केलं. बोलताना गोलाचा विषय आला, पण ओघात आला. आयलीनबाई रडत होत्या. मला म्हणाल्या, काय हो, नेलंत ना त्यांना वर? मी मान हलवली. कुठल्या दिशेने हलवली ते मलाच नक्की आठवत नाही.

संध्याकाळी शेडमध्ये आलो तर ग्लेनिस माझ्या खुर्चीत बसलेली. काळा ड्रेस तसाच. समोर रेकॉर्डर. बटण तिनेच दाबलं होतं. ॲलिसन इंजिन चालू होतं. मी म्हटलं, हे ते नव्हे, हे विमानमेळ्यातलं. पूर्ण ऐकलं तिने, पन्नास मिनिटं, शेवटी इंजिन बंद होऊन लोक टाळ्या वाजवतात तिथपर्यंत. मी दारात उभा.

मग म्हणाली, मला वाटलं, कुठेतरी मध्ये डॅडचा आवाज राहिला असेल. थोडासा तरी.

१९ जुलै, शुक्रवार

ग्लेनिस बहिणीकडे बंडाबर्गला गेली. थोडे दिवस. बदल हवाच होता तिला. गाडी नेली.

संकल्प: ती येईपर्यंत शेड आवरणे, दारं पुन्हा रंगवणे, रोज फोन करणे.

२ ऑगस्ट, शुक्रवार

फोन बहुतेक बहीणच उचलते. ग्लेनिस बागेत असते म्हणे. भर थंडीत इतकी बाग?

जेवण: टोस्टवर बीन्स. काल तेच.

२० ऑगस्ट, मंगळवार

अपडेट आला. सकाळपासून उतरवत होतो.

गोल बदललाय. आधीपेक्षा जास्त पांढरा आहे. डोळे दिपतात. खाली टीप: "रंगकामाच्या मूळ सूचनांनुसार मधल्या भागावर पांढऱ्याचे दोन हात दिले जात, असं आता स्पष्ट झालं आहे. कागदपत्रं शोधून दिल्याबद्दल वॉम्बॅट७६ यांचे मनःपूर्वक आभार."

दोन हात. दोन हातांत झाक जाते. हे मीच सिद्ध केलेलं आहे, दारावर.

राडेकला लिहायला बसलो. "अक्षम्य" लिहिलं आणि पुढे काही सुचेना.

२५ ऑगस्ट, रविवार

तारीख ठरली होती म्हणून बसलो. शब्द दिला होता. मर्व्ह नाहीत, पण शब्द शब्द असतो. ग्लेनिसला सकाळी निरोप ठेवला की आज मी डॅडसाठी उडतोय. उत्तर नाही. रविवारी ती लॉजला जायची. आता रविवारी काय करते कोण जाणे.

उडालो. पहिल्यांदाच कुणाला पाडायला नाही, कुणी मागे लागलं म्हणून नाही, नुसता. खाडीवरून वळलो आणि हजार फुटांवरून पट्टीला फेरी मारली, हळू, त्यांनी सांगितलं असतं तशी. समुद्र, नारळीची रांग, मध्ये राखाडी पट्टी. खरंच झकास दिसतं हे भिकार गाव. मोठ्याने म्हणालो, ही बघा मर्व्ह, ही तुमची धावपट्टी. शेडमध्ये आवाज फार मोठा वाटला.

पंखावरचा गोल बघायचा राहूनच गेला.

आणखी खाली आलो. उभी विमानं दिसली. दोन ट्रक. एक तंबू. आणखी खाली, पार झाडांना टेकेपर्यंत. माणूस नाही. पुन्हा फेरी मारली. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही माणूस नाही. पंखाखाली कुणी नाही, शिडीवर कुणी नाही, तंबूच्या दारात बसून विमानं मोजणारं कुणी नाही. बारा विमानं आपली आपण सज्ज होऊन उभी. आमची पोरं आहेत का रे त्यात, असं त्यांनी विचारलं होतं. ते या जमिनीवरच्या पोरांबद्दल विचारत होते. आणि मी म्हटलं होतं, सगळी आहेत.

मार्चपासून मी या पट्टीवरून शेकडो वेळा उडालोय. एकदाही माझ्या ध्यानात आलं नाही.

उतरलो. नीट उतरता आलं नाही, पत्र्यांवरून घसरून झाडात गेलो. चिखल उडाला नाही. या गेममध्ये चिखल उडत नाही.

लगेच फॉर्म उघडला. यावेळी चौदा पानं नाहीत. विषय: जमिनीवरची माणसं नाहीत. तपशील: फिटर होते, तोफा-गोळ्या भरणारे आर्मरर होते, चिखल खरवडणारे होते. एकाजवळ कोंबडी होती. एक पंखाखाली झोपायचा, त्याचं नाव ब्लू, आडनाव मागे रोजनिशीत लिहिलंय. त्यांचा तंबू धावपट्टीच्या

कुठल्या बाजूला? शालीवर बोट फिरत होतं तेव्हा मी रेकॉर्डरचा लाल दिवा बघत होतो. ओढा डावीकडे की उजवीकडे? मेस ओढ्याच्या अलीकडे म्हणाले की पलीकडे? ग्लेनिसला ठाऊक असेल, ती तिथेच बसली होती. बंडाबर्गला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा केला. बहिणीने उचलला, थांबा म्हणाली, मग परत आली आणि म्हणाली, ती फोनवर येत नाहीये, लिंडसे.

मला फक्त ओढा विचारायचा होता, म्हटलं. तिने ठेवला.

तंबूची जागा कोरी सोडून फॉर्म भरला. माहितीचा स्रोत: मर्व्हिन हॅचर्ड, फिटर, मिल्न बे, १९४२. पाठव दाबलं तर जात नाही. खाली लाल अक्षरांत येतं, पुरावा म्हणून फाइल जोडा. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. माझ्याकडे पन्नास मिनिटं इंजिनाचा आवाज आहे.